खाणारा कोण?



कोजागिरीला दूध आटत होतं, तेव्हा माझ्या मागच्या खुर्चीवरून एक वाक्य कानावर आलं. बोलणारे माझ्याच वयाचे, जुने स्नेही, म्हणून नाव घेत नाही. "धारच्या अमक्यांची सून आता कोंबड्या कापून पार्सल करते म्हणे. पवारांबरोबर माळव्यात आलेलं घराणं!" दोघं-तिघं हसले. ती सून म्हणजे माझ्या सख्ख्या पुतण्याची बायको. त्या वेळी मी गप्प बसलो, कारण हातात दुधाचा पेला होता आणि शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनी डोळे वटारले होते. आज त्या भजनाला गेल्या आहेत, तेव्हा उत्तर लिहितो.

आधी काम काय ते सांगतो. धारबाहेर आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. सूनबाईने तिथे कडकनाथ पाळले आहेत. काळी पिसं, काळी चोच, आतलं मांसही काळं. भिलाल्यांच्या बोलीत 'कालामासी'. पिंजऱ्यातला ब्रॉयलर दीड महिन्यात तयार होतो, हा पक्षी पाच-सहा महिने घेतो आणि तरी दीड किलोच्या आसपासच राहतो. ती तो कापून घेते, साफ करते, गोठवते आणि थर्माकोलच्या खोक्यात घालून इंदूरहून पुणे, मुंबई, हैदराबादला पाठवते. घेणारे बहुतेक आपलेच, माळव्यातून नोकरीसाठी बाहेर पडलेले.

आता घराण्याचं. माझी आजी वाड्याच्या मागे खुराडं ठेवायची. थोरले काका ग्वाल्हेरला नोकरीला होते. थंडी पडली की आजी मटणाचं लोणचं घालायची, वर तेलाचा बोटभर थर येईपर्यंत. बरणीचं तोंड फडक्याने बांधायची, वरून कणकेने लिंपायची. धारला रेल्वे नव्हती, म्हणून बरणी मोटारीने इंदूरला जायची आणि तिथून ओळखीच्या माणसाच्या मांडीवर बसून ग्वाल्हेरला. १९५८-५९ सालची गोष्ट, मी सात-आठ वर्षांचा होतो. एकदा बरणी फुटली तर आजी दोन दिवस जेवली नव्हती.

त्या बरणीला कुणी पार्सल म्हटलं नाही. उलट 'काय हो माया!' म्हणत. फरक एवढाच, की आजीने पैसे घेतले नाहीत. म्हणजे मंडळी, आपला आक्षेप कोंबडीला नाही, बिलाला आहे. घरच्या बाईने घरच्या हाताने केलेल्या कामाची किंमत लावली की आपलं घराणं खाली येतं. आणि याच मंडळींचा मुलगा पुण्यात मोबाइलवरून गोठवलेलं मांस मागवतो, तेव्हा मुलगा 'फार बिझी' असतो. देवासला एकाच गावात थोरल्या पातीचं आणि धाकट्या पातीचं अशी दोन राज्यं नांदली. रस्ता ओलांडला की कायदा बदलायचा. संस्थानं गेली, पण ही सवय आपल्या डोक्यातून गेलेली नाही.

इथपर्यंत घरगुती भांडण झालं. पण मी जन्मभर बँकेत काढला, आणि मला खरं बोलायचंय ते हिशेबाचं.

१९८०च्या दशकात मी कुक्षीकडच्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस, आय.आर.डी.पी. म्हणायचो आम्ही. आदिवासी लाभार्थ्याला पन्नास टक्के अनुदान, बाकीचं कर्ज. मार्चपूर्वी टार्गेट पुरं करायचं. यादीत कोंबड्या होत्या, पण पांढऱ्या, बाहेरून आणलेल्या लेगहॉर्न. एका भिलाली बाईने मला विचारलं, "साहेब, माझ्याकडे कालामासी आहेत. त्यांनाच चार भिंती आणि दाणा द्या ना. त्या इथल्याच आहेत, जगतात." मी काय म्हणालो ते आजही शब्दन् शब्द आठवतं: "बाई, फॉर्ममध्ये तसा कॉलम नाही."

तिला पांढऱ्या मिळाल्या. पहिल्याच पावसाळ्यात मानमोडी आली आणि बहुतेक मेल्या. काळ्यांतल्याही काही मेल्या असतील, रोग रंग बघत नाही. पण आवारात शेवटी फिरताना दिसल्या त्या काळ्याच. पुढे वसुलीची नोटीस गेली. खाली सही माझी. तिने बकरी विकून हप्ता भरला. फाइलवर मी 'खाते नियमित' असा शेरा मारला आणि त्या वर्षी आमच्या शाखेचं कौतुकही झालं.

तीस-पस्तीस वर्षांनी तोच काळा पक्षी मोठा झाला. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळालं. छत्तीसगडच्या दंतेवाड्यानेही हक्क सांगितला होता, पण मान झाबुआला गेला. महेंद्रसिंग धोनीने रांचीच्या फार्मसाठी झाबुआहून २,००० पिलं मागवली, त्याच्या बातम्या झाल्या. आणि आपल्याकडे जो तो पिलं विकायला लागला.

इथे नीट लक्ष द्या. ते मानांकन कशाला मिळालंय? कडकनाथच्या मांसाला. नोंद खाण्याच्या वस्तूची आहे. पण बाजार कशाचा तापला? पिलांचा आणि अंड्यांचा. मी पिलं तुम्हाला विकली, तुम्ही ती वाढवून त्यांची पिलं तिसऱ्याला विकलीत, तिसऱ्याने चौथ्याला. प्रत्येकाला नफा. मधल्या मधे कोंबडी खाल्ली कुणी? कुणीच नाही.

हे कुठे जातं ते आपण पाहिलंय. सांगली जिल्ह्यात इस्लामपूरच्या एका कंपनीने शेतकऱ्यांकडून पैसे घेऊन कडकनाथची पिलं दिली आणि अंडी-पक्षी परत विकत घेण्याची हमी दिली. २०१९ साली ते सगळं कोसळलं. हजारो शेतकरी अडकले, गुन्हे दाखल झाले, आणि चिडलेल्या कार्यकर्त्यांनी मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यावर कडकनाथ कोंबड्या फेकल्या. त्याच्या आधी २०१२ साली तमिळनाडूत पेरुंदुराईला इमूचं हेच झालं. एवढा मोठा पक्षी, पण जेवणाच्या ताटात तो कुणी पाहिला होता? पैसा आत येत होता तो नव्या गुंतवणूकदाराचा. जेवणाऱ्याच्या खिशातला एक रुपयाही त्यात नव्हता.

कर्जाचा प्रस्ताव तपासताना आम्ही शंभर कागद मागायचो. आज मागे वळून पाहतो तर एकच प्रश्न पुरेसा होता: खाणारा कोण? शेवटी आपल्या खिशातून पैसे काढून, वस्तू घरी नेऊन, शिजवून खाणारा माणूस दाखवा. तो असेल तर धंदा आहे. नसेल तर ती साखळी आहे, आणि तिच्या शेवटच्या कडीला नेहमी गरीबच लटकलेला असतो.

सूनबाईच्या खोक्याला तो माणूस आहे. हैदराबादला खोकं उघडणारा आपला मुलगा शिजवतो, खातो आणि आवडलं तर पुन्हा मागवतो. नाही आवडलं तर मागवत नाही. इतका सरळ हिशेब मी अनेक मोठ्या कर्जदारांच्या ताळेबंदात पाहिला नाही.

आणि हा धंदा सोपा आहे असं समजू नका. पक्षी कापल्यावर आधी गार करायचा, मग पिशवीतली हवा काढून गोठवायचा, तोही झटपट. हळू गोठलं तर आत बर्फाचे मोठे कण होतात, ते मांस फाडतात आणि वितळल्यावर सगळा रस पाण्यात जातो. उणे १८ अंशांवर ठेवायचं आणि घरापर्यंत शक्य तेवढं तिथेच टिकवायचं. सुका बर्फ उणे ७८ अंशांचा असतो, पण तो वितळत नाही, त्याचा वायू होतो. खोकं अगदी हवाबंद केलं तर फुगून फुटेल. म्हणून विमानवाले त्याला धोकादायक मालात धरतात आणि वेगळा कागद मागतात. अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. २०११च्या नियमांत दिवसाला ५० कोंबड्यांपर्यंत कापणारा लहान व्यावसायिकात बसतो. खोक्यावर 'झाबुआ' लिहायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदलेलं हवं. तिचं नाही, म्हणून ती 'कडकनाथ, धार' एवढंच लिहिते. मी म्हटलं, "अगं, झाबुआ लिहिलंस तर भाव वाढेल." ती म्हणाली, "काका, तुम्ही बँकेत होतात ना?" मी गप्प.

मागच्या मे महिन्यात तिची पाच खोकी वाटेत दीड दिवस अडली. पोचली तेव्हा मांस मऊ पडलेलं. एका गिऱ्हाइकाने फोन केला, "वास नाही, परत फ्रीजरमध्ये टाकू का?" कुणी दुसरी असती तर हो म्हणून मोकळी झाली असती. हिने सांगितलं, "एकदा सुटलेलं पुन्हा गोठवू नका, फेकून द्या." पाचही जणांचे पैसे परत केले, बाकीच्या चौघांनी मागितले नसताना. त्या महिन्यात तिला तोटा झाला. त्या रात्री ती वही घेऊन माझ्यासमोर बसली होती, रडवेली, पण आकडा एकही झाकलेला नव्हता. मला तेव्हा आजीची फुटलेली बरणी आठवली.

आता माझे स्नेही दुसरी बाजू घेऊन येतात, तीही सांगतो. हसणाऱ्यांपैकीच एकाने मला नंतर बाजूला घेऊन विचारलं, "चांगलं चाललंय म्हणे. दोन लाख लावू का? महिना किती सुटतील?" म्हणजे पार्सल हलकं, पण व्याज चालेल! मी सूनबाईला सांगून ठेवलंय: कुणाची ठेव घ्यायची नाही, कुणाला हमी द्यायची नाही. आणि त्यांना सांगितलं, "भाऊसाहेब, दोन लाख नकोत. दोन किलो घ्या. पूर्ण भावाने."

कारण हाही एक रोग आहे आपल्यात. "घरचीच ना तू, पाचशेत दे." घरचीच आहे म्हणून तिने दाणा फुकट आणला का? शंभर पिलं घेतली तर तिच्या वहीत ऐंशी-पंच्याऐंशी हाताला लागतात. मेलेल्यांचाही दाणा उरलेल्यांच्या किमतीत बसवावा लागतो.

सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही. थर्माकोलचा कचरा होतो, तिच्याकडे त्याला अजून उत्तर नाही. ज्यांना मांसाहारच नको त्यांच्याशी माझं भांडण नाही, त्यांचा मान राखतो. आणि काही विक्रेते कडकनाथ मधुमेहावर, हृदयावर, कशाकशावर औषध म्हणून विकतात, त्यांच्याशी मात्र माझं भांडण आहे. चरबी कमी आहे, प्रथिनं चांगली आहेत, एवढं पुरे. बाकी आजारासाठी डॉक्टरकडे जा. हे मांस चवीसाठी खा, आणि जरा जास्त वेळ शिजवा.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठं. सूनबाई अर्धे पक्षी स्वतः वाढवते, अर्धे कुक्षी-बागकडच्या बायकांकडून घेते. तिथे ती नगावर भाव करत नाही, काट्यावर वजन करते आणि त्याच दिवशी पैसे हातात देते. हाटातला व्यापारी होळीच्या आधी, भगोऱ्याच्या दिवसांत, गरज ओळखून भाव पाडतो. ही पाडत नाही. पहिल्यांदा तिच्याबरोबर मी गेलो होतो. एका म्हातारीने वजन झाल्यावर नोटा दोनदा मोजल्या, पदरात बांधल्या आणि माझ्याकडे पाहिलं. ती माझी ती बाई नव्हती. ती असती तर आता नव्वदीची असती. पण मी मान खाली घातली.

चाळीस वर्षांपूर्वी ज्या गोष्टीला माझ्या फॉर्ममध्ये कॉलम नव्हता, तो कॉलम माझ्या पुतण्याच्या बायकोने एका साध्या वहीत आखलाय. वर पक्ष्याचं वजन, समोर बाईचं नाव, शेवटी दिलेली रक्कम. तिला हसायचं असेल तर आधी ती वही बघायला या.

मंडळी, एवढंच करा. मांस खात असाल तर कुणाकडूनही घ्या, पण कुठे वाढलं, केव्हा कापलं आणि वाढवणाऱ्याला किती दिले, हे तीन प्रश्न विचारा. ज्याला उत्तर देता येतं त्याच्याशी घासाघीस करू नका. आणि पिलं घ्या, दुप्पट करून देतो असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा: खाणारा कोण?

माझ्या कोजागिरीच्या स्नेह्यांना राग आला असेल तर देवासला घर माहीत आहेच. भांडायला या. जेवायच्या वेळेला आलात तर उत्तम.