विश्लेषण : वाद कराचा, मीटर शास्तीचे

नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर 2025 मध्ये उड्डाणे सुरू झाली आणि खांदेश्वर परिसरातील घर-दुकानांच्या खरेदी-विक्रीची चर्चा वाढली. करारनामा, कर्जमंजुरी, सोसायटीचा ना-हरकत दाखला हे सगळे तपासले जाते. मालमत्ता कराची थकबाकी मात्र बहुतेकांना शेवटी आठवते, आणि इथे ती किरकोळ असेलच असे नाही.

कारण जुने आहे. पनवेल महापालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी स्थापन झाली. खांदेश्वर-नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर या सिडको वसाहती तिच्या हद्दीत आल्या, पण कराची देयके लगेच आली नाहीत. काही वर्षांनी आली ती थेट स्थापनेच्या दिवसापासूनची. मधल्या काळात रहिवासी सिडकोला सेवाशुल्क भरत होते. एकाच कचऱ्यासाठी आणि एकाच दिवाबत्तीसाठी दोनदा पैसे का, हा त्यांचा सवाल रास्तच होता. आंदोलने झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि अनेकांनी निकाल लागेपर्यंत कर न भरण्याचे ठरवले.

शास्ती थांबत नाही

इथेच कुटुंबाचे गणित बिघडते. थकीत करावर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. समजा मूळ थकबाकी 60 हजार रुपये आहे. तर महिन्याला 1,200, वर्षाला 14,400 आणि तीन वर्षांत 43,200 रुपये नुसती शास्ती होते. वर्षाला 24 टक्के! एवढ्या दराने गृहकर्ज कोणी घेणार नाही आणि एवढे व्याज कोणतीही मुदतठेव देणार नाही. कर न भरता बँकेत ठेवलेला पैसा म्हणूनच वाचलेला पैसा नव्हे.

बरे, दाद मागायची तरी आधी खिशात हात घालावा लागतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 नुसार करआकारणीविरुद्धचे अपील ऐकून घेण्यापूर्वी मागणीची रक्कम जमा करावी लागते. तेव्हा लेखी हरकत नोंदवून मूळ कर भरणे आणि लढा चालू ठेवणे, हाच कमी नुकसानीचा मार्ग.

महापालिकेची बाजूही स्वच्छ नाही. देयके उशिरा द्यायची, वर्षांचा बोजा एकदम टाकायचा आणि नंतर शास्तीमाफीची अभय योजना आणायची, यात वेळेवर भरणाऱ्याला काय मिळाले? 2025 च्या पावसाळ्यातील योजनेत सुरुवातीला 90 टक्के शास्ती माफ होती, पुढे टप्प्याटप्प्याने सवलत घटत गेली. पुन्हा तशीच योजना येईल या भरवशावर थांबणे हा जुगार आहे.

दुकानदार आणि घर घेणारे

व्यावसायिकासाठी आयकराचा मुद्दाही आहे. धंद्याच्या जागेच्या मालमत्ता कराची वजावट तो प्रत्यक्ष भरल्यावरच मिळते. हिशेबाच्या वहीत नुसता खर्च दाखवून भागत नाही. भाड्याने दिलेल्या सदनिकेचेही तसेच, मालकाने त्या वर्षी भरलेला कर भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो. गाळा भाड्याचा असेल तर कर कोण भरणार हे करारातच लिहून घ्यावे. तोंडी बोलणे पहिल्या नोटिशीपर्यंतच टिकते.

सर्वाधिक जोखीम जुने घर घेणाऱ्याची. कायद्याने मालमत्ता कराचा बोजा त्या मालमत्तेवरच असतो, मालक बदलला म्हणून तो उतरत नाही. विकणारा पैसे घेऊन निघून जातो, नोटीस नव्या दारावर लागते. म्हणून बयाणा देण्याआधी मालमत्ता क्रमांकावरून महापालिकेकडे मूळ कर आणि शास्ती दोन्ही पाहून घ्यावे, थकबाकी असल्यास ती सौद्याच्या रकमेतून वळती करून परस्पर भरावी आणि पावती स्वतःकडे ठेवावी. खरेदीखत झाल्यावर कराच्या नोंदीवर आपले नाव चढवण्याचा अर्जही तीन महिन्यांच्या आत द्यावा.