कुटुंब निवृत्तिवेतन करमुक्त नाही

पतीच्या पश्चात पत्नीला मिळणारा सगळाच पैसा करमुक्त असतो, असे मागील अंकातील पत्रलेखक लिहितात. हे अर्धेच खरे आहे. भविष्य निर्वाह निधीची जमा रक्कम वारसाला करमुक्त मिळते. दरमहा येणारे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र 'इतर उत्पन्नात' धरतात. त्याचा एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये (जुन्या करप्रणालीत १५,०००), यांतील कमी असेल ती रक्कम वजा होते. बँक त्यातून टीडीएस कापत नाही, त्यामुळे कर नाहीच असा समज होतो आणि पुढे नोटीस आली की घर हादरते. काही जण ते पगाराच्या रकान्यात दाखवून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट घेतात, तेही चूक.

आपला जिल्हा आर्मर्ड कोअर सेंटरचा, घरोघरी फौजी. म्हणून हेही ठळकपणे छापावे: मोहिमेवर वीरमरण आलेल्या जवानाच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन पूर्ण करमुक्त आहे. तिच्याकडून कर भरून घेणाऱ्या सल्लागारांनी नियम पुन्हा वाचावा.

गेलेल्या माणसाचे उत्पन्न करपात्र असेल, तर १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचे विवरणपत्र वारसानेच, पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून भरायचे असते.

– एक वाचक, पारनेर