उधारीची हुशारी

पुरवठादाराचे बिल जितके उशिरा चुकवावे, तितका मोठ्या कंपनीतला वित्त अधिकारी हुशार ठरतो. खेळते भांडवल वाचले म्हणतात. वाचते कुठले? भोसरीचा लघुउद्योजक तेवढीच रक्कम बँकेकडून कॅश क्रेडिटवर उचलतो आणि व्याज भरतो. माझ्या टेबलासमोर असे कितीतरी जण बसले. सात तारखेला कामगारांचा पगार, हाती नुसती बिले!

२००६ च्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत घातली. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण गिऱ्हाइकाकडे ते मागणार कोण? पाण्यात राहून माशाशी वैर! २०२३ च्या वित्त कायद्याने मुदत टळलेले बिल प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत प्राप्तिकरात खर्च धरणे बंद केले. ही मात्रा मला पसंत आहे. पुरवठादाराला तोंड उघडावे लागत नाही. मार्चअखेर आली की धावपळ वित्त अधिकाऱ्याची.