खिळा वाकू द्या

मे महिना आला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिबिरांची रांग लागते. रोबोटिक्स, कोडिंग, अबॅकस. पाच वर्षांच्या पोराच्या हातात हातोडी द्या, असं मात्र कुणी सुचवत नाही. म्हणून मी सुचवतो. हातोडी खरी, दोनेकशे ग्रॅमची. खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या हातोडीने काहीच ठोकलं जात नाही, मग पोर चिडून आणखी जोरात हाणतं, आणि लागतं ते तेव्हाच.

सुरुवात लाकडापासून नकोच. सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेले केळीचे खुंट दुसऱ्या दिवशी आपण टाकून देतो. त्यातला एक गॅलरीत आडवा ठेवा. मोठ्या डोक्याचे इंचभर खिळे घ्या आणि खिळा कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरायला शिकवा, म्हणजे बोटं लांब राहतात. दोन ठोक्यांत खिळा आत जातो. आमची लेक तर आत गेलेले खिळे पकडीने उपटून पुन्हा ठोकत बसली होती. जेवायला हाका मारून आमचा घसा बसला.

हात बसला की फळी. आंब्याची लाकडी पेटी मिळाली तर सोनंच. हल्ली पुठ्ठ्याचे खोके फार झालेत. तिचे जुने खिळे आधी आपण काढायचे. मालवाहतुकीच्या पॅलेटची फळी असेल तर शिक्का बघा: ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं घरात नकोच. एमडीएफचे तुकडेही नकोत, त्याचा बारीक भुसा छातीत जातो.

करवतीची भीती सगळ्यांनाच वाटते. पण फळी सी-क्लॅम्पने टेबलाला घट्ट आवळली आणि पोराचे दोन्ही हात मुठीवर ठेवले, तर कापायला तिसरा हात उरतोच कुठे? लहान हॅकसॉ पुरते. आधी दोन-चारदा नुसती मागे ओढून खाच पाडायची, मग चालवायची. डोळ्यांना गॉगल, आपण हाताच्या अंतरावर, आणि काम संपलं की हत्यारं कुलपात. मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, नंतर एकशे वीसचा, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. घासलेल्या आणि न घासलेल्या बाजूवरून डोळे मिटून बोट फिरवायला सांगा. हा खेळ चार वर्षांच्या मुलालाही जमतो.

यात नवीन काहीच नाही. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या आग्रहामुळे १८६६ साली लोकशाळांत हस्तकाम आलं. स्वीडनच्या ओटो सालोमन यांनी त्याची पद्धत बसवली: वस्तू घरात वापरायची हवी, आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुलानेच केलेली हवी. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली, तिच्या उद्योगांतही सुतारकाम होतं. पुढे त्याचा कार्यानुभवाचा तास झाला, आणि प्रदर्शनातल्या वस्तू आईबाप रात्री जागून करू लागले. ‘शिकून काय सुतार व्हायचंय?’ हा प्रश्न तर घराघरांत आहे. त्यात जात किती आणि काळजी किती, हे विचारणाऱ्याने स्वतःच तपासावं. मिस्त्रींच्या मजुरीवर घासाघीस करताना मात्र या कामाची किंमत आपल्याला चांगली ठाऊक असते.

सालोमन यांचा दुसरा नियम सर्वांत अवघड. खिळा तिरका जाताना दिसला की आपला हात शिवशिवतो. तो खिशात ठेवायचा. पहिली वस्तू म्हणून किल्ल्यांची फळी करा: घासलेली फळी आणि चार खिळे, भोकं आपण पाडून भिंतीवर लावायची. खिळे वाकडे गेले तर बिघडत नाही. वरच्या बाजूला कललेल्या खिळ्यावरून किल्ली घसरत नाही.