आपली चाल, आपलें नांव

“पोरगा दिवसभर त्या खेळांतच असतो,” ही तक्रार आमच्या जवाहरनगरांत घरोघरीं ऐकूं येते, आणि ती अगदींच निराधार आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु या तक्रारीच्या भरांत पालकांच्या नजरेंतून एक गोष्ट निसटते. खेळणाऱ्या मुलांतच कांहीं मुलें अशीं असतात कीं, त्यांचें लक्ष खेळापेक्षां खेळामागें वाजणाऱ्या सुरांकडे अधिक असतें. तीं ते सूर पेटीवर काढून पाहतात, आणि पुढें कधींतरी स्वतःची चाल रचूं लागतात. एकट्यादुकट्यानें किंवा दोन-चार मित्रांनीं मिळून, बड्या कंपनीच्या भांडवलावांचून तयार केलेले लहान खेळ आज जगभर निघत आहेत व त्यांना अशा चालींची गरज असते. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों: अशा खेळांसाठीं संगीत रचणें हा वेळेचा अपव्यय नाहीं, मात्र ती चाल स्वतःची असावी, आणि लोकांच्या हातीं देतांना तिजबरोबर आपलें नांव व आपल्या अटी लेखी द्याव्या.

प्रथम हें संगीत असतें कसें, तें पाहूं. चित्रपटांत नायक दार उघडतो त्या क्षणीं झांज वाजावी असें संगीतकारास वाटलें, तर तो ती नेमकी तेथें वाजवितो. चित्रपट शंभर वेळां दाखविला तरी दार त्याच क्षणीं उघडणार. खेळांत तसें नाहीं. दार केव्हां उघडावयाचें हें खेळणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून. एखादा दहा सेकंदांत पुढें जाईल, एखादा अर्धा तास त्याच विहिरीभोंवतीं घुटमळत राहील. तेव्हां चाल अशी हवी कीं, ती संपतांच पुन्हा आरंभाशीं जुळावी, सांधा कानाला कळूं नये, आणि पन्नासाव्या आवर्तनालाही तिचा वीट येऊं नये.

हें वर्णन वाचून तबला शिकणारा कोणीही विद्यार्थी म्हणेल, “हा तर लेहरा!” आणि तें खरेंच आहे. तबल्याच्या स्वतंत्र वादनांत पेटीवर किंवा सारंगीवर एकच ओळ फिरत असते. त्रितालाच्या सोळा मात्रा संपतात, सम येते, ओळ पुन्हा निघते. ती स्वतःकडे लक्ष ओढून घेत नाहीं. पण ती थांबली कीं तबलजी उघडा पडतो. परदेशांतील संगीतकारांना जी गोष्ट या नव्या कामासाठीं मुद्दाम घोटावी लागते, ती आपल्याकडे शिकवणीच्या पहिल्या वर्षांत कानांवर पडते. आपल्याला तिचें मोल वाटत नाहीं, एवढेंच.

झाडीपट्टींत तर याहून जवळचें उदाहरण आहे. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या मुलुखांत रात्र रात्र नाटकें चालतात. वडसा हें त्या मंडळ्यांचें मोठें ठाणें. वादक रंगमंचापाशीं बसून प्रत्यक्ष साथ करितात. नट संवाद लांबवितो, प्रेक्षक टाळ्या थांबवीत नाहींत. अशा वेळीं पेटीवाल्याला घड्याळाचा कांहींच उपयोग नाहीं. तो डोळे नटावर ठेवून हातांतला तुकडा फिरवीत राहतो, आणि खलनायक येतांच तबल्याचा जोर वाढतो. संगणकावरील खेळांत हेंच काम थर चढवून होतें: आधीं नुसती बासरी; शत्रु जवळ आला कीं त्याच चालीवर नगारा; शत्रु दूर गेला कीं नगारा बंद, बासरी चालूच. त्यासाठीं सर्व थर एकाच लयींत व एकाच लांबीचे रचावे लागतात. ज्यानें गणेशोत्सवांत नाटकाला साथ केली आहे, त्याला हें समजावून सांगावें लागणार नाहीं.

साधनें तुटपुंजीं म्हणून अडून बसण्याचेंही कारण नाहीं. सन १९८५ मध्यें जपानांत कोजी कोंडो यांनीं ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाच्या चाली रचल्या, तेव्हां त्या यंत्रांतून एका वेळीं फार तर पांच आवाज निघत, आणि त्यांतला एक तर नुसता खरखराट. त्यांतील चालीला सन २०२३ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहांत स्थान दिलें. आज ‘एलएमएमएस’, ‘म्यूझस्कोअर’, ‘ऑडॅसिटी’ यांसारखीं साधनें फुकट मिळतात व साध्या संगणकावर चालतात. (जातां जातां एक सूचना: फिरती चाल ‘एमपीथ्री’ स्वरूपांत देऊं नये, त्या प्रकारांत दोन्ही टोकांना किंचित् निःशब्द जागा भरली जाते व सांध्यावर ठेंच लागते. ‘ओजीजी’ किंवा ‘वेव्ह’ बरें.)

आतां आमच्या मनाला लागलेली गोष्ट सांगतों. पुण्यांतील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीनें सन २०२० मध्यें ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्याची नायिका भारतीय, कथा देव-दानवांची, रंगरूप सगळें इकडचें. संगीत मात्र ग्रीस देशांतील लिनोस त्झेलोस यांचें. यांत त्या मंडळीचा कांहीं दोष नाहीं, आणि कला सरहद्द मानीत नाहीं हेंही आम्हांस मान्य आहे. तथापि प्रश्न उरतोच. लेहरा ज्यांच्या घरांत, त्यांच्यापैकीं किती जणांनीं आपल्या चाली अशा ठिकाणीं मांडून ठेविल्या होत्या कीं, खेळ करणाऱ्याच्या कानावर त्या सहज पडाव्यात? ज्याची चाल कपाटांत आहे, त्याला बोलावणार कोण?

यावर कोणी म्हणेल, मांडा हवें तर, पण चाल स्वतःचीच हवी हा हट्ट कशाला? अण्णासाहेब किर्लोस्करांनीं सन १८८० मध्यें ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां त्यांतील पदें प्रचलित चालींवरच बांधलीं होतीं ना? होतीं. परंतु त्या काळच्या नाटकाचें छापील पुस्तक उघडून पाहा: पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असें लिहून मूळ गाण्याचें नांव दिलेलें आढळतें. उसनें घेतलें तें उघड सांगून घेतलें. पुढें सन १९११ च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंबे यांनीं आणि सन १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखले यांनीं चाली दिल्या, आणि नाटककाराच्या बरोबरीनें चाल देणाऱ्याचेंही नांव लोकांच्या तोंडीं बसलें. राग सर्वांचे आहेत. भूप कोणा एकाच्या मालकीचा नाहीं. पण भूपांत बांधलेली अमुक एक चाल ही ती बांधणाऱ्याची. चित्रपटगीताचे चार सूर फिरवून आपल्या नांवावर खपविणारा मुलगा स्वतःची शिकण्याची संधि घालवितो, आणि तो खेळ करणाऱ्या बिचाऱ्या मित्रालाही गोत्यांत आणतो. यंत्राला दोन ओळी सांगून चाल तयार करवून घेण्याची सोय आतां झाली आहे. ती वापरणाऱ्याशीं आमचें भांडण नाहीं, मात्र त्याखालीं ‘संगीतकार’ म्हणून सही करूं नये.

राहिला देण्याचा प्रश्न. पहिल्या दहा-वीस चाली फुकट द्याव्या, असेंच आम्ही म्हणूं. त्याशिवाय कान तयार होत नाहीं व ओळख होत नाहीं. पण फुकट देणें आणि हक्क सोडणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘माइनक्राफ्ट’ या खेळाचे संगीतकार जर्मनीचे डॅनिएल रोझेनफेल्ड यांनीं आपल्या संगीताचा हक्क आपल्याजवळच ठेविला. तो खेळ सन २०१४ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीकडे गेला. त्यांच्या चाली मात्र त्यांच्याच राहिल्या.

ज्यांना मोकळ्या हातानें द्यावयाचें आहे त्यांच्यासाठीं क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेनें सन २००२ पासून तयार परवाने ठेविले आहेत. त्यांतला ‘नांव सांगा व वापरा’ हा परवाना विद्यार्थ्याला सर्वांत सोयीचा वाटतो. ‘व्यापारासाठीं नको’ अशी अट घातली, तर मित्रानें दहा रुपयांना विकलेल्या खेळांतही ती चाल बसत नाहीं. ‘फेरफार नको’ म्हटलें, तर खेळांत ती जवळजवळ निरुपयोगीच, कारण हलत्या चित्राशीं ध्वनिमुद्रण जुळविणें हाही त्या परवान्याच्या भाषेंत फेरफार आहे. आणि एकदां दिलेला परवाना परत घेतां येत नाहीं. म्हणून रात्रीच्या उत्साहांत नव्हे, सकाळीं विचार करून तो द्यावा. दुसऱ्याची फुकट चाल आपण घेतली, तर त्याचें नांव खेळाच्या शेवटीं लिहिण्यांतही हीच काटेकोर वृत्ति हवी.

आतां पालकांसाठीं. सन १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्यान्वयें चाल रचतांच तिचा हक्क रचणाऱ्याचा होतो. नोंदणीची सक्ति नाहीं, आणि वयाची अटही नाहीं. तो रचणाऱ्याच्या हयातींत व त्यानंतर साठ वर्षें टिकतो. (टेंबे सन १९५५ मध्यें वारले, तेव्हां त्यांच्या चाली आतां सर्वांना मोकळ्या आहेत, त्यांच्या ध्वनिमुद्रिकांचा हक्क मात्र वेगळा मोजतात.) पण हक्क आठवींतल्या मुलाचा असला, तरी करार करण्याचें वय अठरा आहे. अज्ञानाचा करार मुळांतच निरर्थक, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलनें सन १९०३ मध्यें दिला व तो आजही चालतो. म्हणजे परक्या माणसानें संगणकावरून पाठविलेल्या कागदावर मुलानें ‘मान्य’ म्हणून बोट टेंकविणें हा व्यवहार दोघांच्याही उपयोगाचा नाहीं. कागद घरांतील वडील माणसांनीं वाचावा व त्यांच्यामार्फतच पुरा व्हावा. हक्क दुसऱ्यास देणें लेखीच असावें लागतें. त्यांत मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पांच वर्षें धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरता धरतो. ‘सर्व काळासाठीं व सर्व जगासाठीं’ असे शब्द दिसले, तर तेथें बोट ठेवून मुलाला विचारावें, ‘हें तूं वाचलें आहेस काय?’ मुलानें दोन महिने खपून बांधलेल्या चालीचा कागद वाचावयास पालकांना एक संध्याकाळ पुरेल.