शोभेची कोळंबी : पैदास सोपी, पिलांची जोपासना अवघड

कोळंबी हे समुद्रकाठचे धन; पर्जन्यछायेतील आपल्या जिल्ह्यास तिचे काय, असे धाराशिवच्या शेतकऱ्याने विचारल्यास ते रास्तच होय. परंतु शेततळी झाली, त्यांत मासे सोडले जाऊ लागले, आणि शहरांतील हौशी लोक काचेच्या पेटीत माशांप्रमाणेच बोटाच्या पेराएवढी तांबडी कोळंबीही पाळू लागले. त्यामुळे ‘घरच्या टाकीत झिंग्याची पैदास’ ही कल्पना आता खेड्यांपर्यंत येऊन पोहोचली आहे. कल्पना टाकाऊ नाही. मात्र तीत दोन अगदी निराळ्या जातींची गल्लत केली जाते, आणि त्या गल्लतीचा भुर्दंड शेवटी शेतकऱ्यालाच पडतो.

खाण्याची जंबो कोळंबी गोड्या पाण्यात वाढते, हे खरे. पण तिची नुकती जन्मलेली पिल्ले गोड्या पाण्यात जगत नाहीत. निसर्गात मादी अंडी घेऊन नदीच्या मुखाकडे, खाडीच्या मचूळ पाण्याकडे उतरते. ही पिल्ले का मरतात, याचा उलगडा शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञांना १९६१ साली मलायात झाला; त्यांना मिठाचा अंश असलेले पाणी लागते. दर लिटरला सुमारे १२ ग्रॅम क्षार, जिवंत सूक्ष्म खाद्य आणि अनेक अवस्थांतून जाणाऱ्या पिलांवर तीन ते पाच आठवडे अहोरात्र नजर, हे काम समुद्राजवळच्या बीजकेंद्राचे आहे. तेरणेचे पाणी मांजरेतून गोदावरीस व तेथून बंगालच्या उपसागरास मिळते, एवढ्यावरून येथे जंबो कोळंबीची पैदास होईल असे कोणी समजू नये. ती वाढवावयाची असल्यास तयार बीज विकत आणणे हाच मार्ग.

शोभेच्या छोट्या तांबड्या कोळंबीची गोष्ट वेगळी. मूळची चीन व तैवानकडील ही जात आपला सारा जन्म गोड्या पाण्यातच काढते. मादी जेमतेम तीन सेंटिमीटर लांब असते. कात टाकल्यावर नराशी संयोग होऊन ती वीस-तीस अंडी पोटाखाली धरते, आणि पायांनी त्यांस सतत वारा घालीत तीन-चार आठवडे वागविते. त्यांतून निघणारे पिलू दोन मिलिमीटरचे असले तरी आईचीच लहान प्रतिकृती असते. मिठाच्या पाण्याची गरज नाही, निराळ्या अवस्था नाहीत. म्हणूनच पैदास आपोआप होते. टिकत नाहीत ती पिल्ले.

याचे पहिले कारण उपासमार. एवढेसे पिलू खाद्य शोधीत फिरत नाही. ते जेथे बसते तेथेच टाकीच्या भिंतीवर, पानावर किंवा शेवाळावर साचलेला सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर खरवडून खाते. नव्या, स्वच्छ घासलेल्या टाकीत हा थर नसतो. सिमेंटची टाकी बांधल्यावर ती अनेक वेळा भरून-उपसून चुन्याचा अंश धुवावा, नंतर पाणी व शेवाळ घालून किमान महिना-दीड महिना तशीच ठेवावी आणि मगच जनावरे सोडावीत. हा महिना रिकामा गेला असे वाटते; वस्तुतः पेरणीपूर्वीच्या मशागतीइतकाच तो कामाचा आहे. पुढे उकडलेली पालक किंवा तुतीचे वाळलेले पान पुरते. उरलेले खाद्य सडू देऊ नये.

हवेच्या यंत्राला उघडी नळी जोडल्यास पिल्ले तीत ओढली जातात, म्हणून तोंडाशी स्पंज हवाच. डासांसाठी गप्पी मासे सोडण्याची आपल्याकडे चांगली सवय आहे, पण या टाकीत गप्पी पिलांचा फडशा पाडील. मासे नसले की डास होतात, आणि उघड्या पाण्यात चतुर अंडी घालून त्याच्या अळ्याही कोळंबी खातात. टाकीवर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधावे. दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

सर्वांत मोठा धोका मात्र घरातच असतो. द्राक्षबागेसाठी कालविलेले बोर्डो मिश्रण मोरचुदाचे, म्हणजे तांब्याचे असते, आणि तांबे कोळंबीस अगदी थोड्या प्रमाणातही मारक आहे. सोयाबीनवर फवारावयाची कीटकनाशके तर किडींप्रमाणेच कोळंबीचाही जीव घेतात, कारण दोघांची घडण जवळची आहे. फवारणीची बादली, पंप, इतकेच नव्हे तर न धुतलेले हातही या टाकीस लावू नयेत. तुतीवर रेशीमकीटक पोसणाऱ्या कुटुंबांना हा सोवळेपणा सांगावा लागत नाही; या धंद्याचा पहिला प्रयोग त्यांच्याकडेच व्हावा, हे उत्तम.

उन्हाळ्यात टाकी सावलीत व ओल्या गोणपाटाच्या आडोशाला हवी. पाणी तीस अंशांवर गेले की त्यातील प्राणवायू घटतो व पिल्ले दगावतात. आटलेल्या पाण्याची भरती बोअरच्या जड पाण्याने करीत गेल्यास क्षार वाढत जातात. साठविलेले पावसाचे पाणी असल्यास ते वापरावे. पाणी एकदम कधीच बदलू नये; आठवड्यास दहावा हिस्सा पुरे. काढलेले पाणी परसातील भाजीस द्यावे. ओढ्यात, विहिरीत वा तलावात मात्र ते सोडू नये, कारण ही जात परदेशी आहे आणि जर्मनीत ती उष्ण सांडपाण्याच्या प्रवाहात वस्ती करून राहिल्याचे आढळले आहे.

आता पैशाची गोष्ट. दहा माद्या, प्रत्येकी पंचवीस पिल्ले, वर्षात इतकी वेण, असा हिशेब कागदावर मांडून टाक्या विकणारे लोक येतील, आणि सर्व माल आम्हीच परत घेऊ असेही सांगतील. इमूपालनाचा डोलारा २०१२ साली आणि कडकनाथ कोंबडीचा २०१९ साली असल्याच वचनांवर उभा राहून कोसळला, हे फार जुने झालेले नाही. परत-खरेदीच्या करारावर कर्ज काढून टाक्या घेणे हा शेतीपूरक धंदा नव्हे, जुगार होय. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी याबाबत स्पष्ट बोलावे; मोघम उत्तेजन देऊन मोकळे होऊ नये. वीस-पंचवीस कोळंब्या, एक पाचशे लिटरची टाकी, एक पुरता उन्हाळा. त्यातून पिल्ले वाढून पुन्हा त्यांची पिल्ले निघाली, तर सोलापूर वा पुण्याच्या दुकानदाराकडे नमुना घेऊन जावे व भाव विचारावा. फिकट रंगाची कोळंबी वेगळी काढावी, निरनिराळ्या रंगांच्या जाती एकत्र ठेवू नयेत. संकरातून मातकट रंगाची प्रजा निपजते आणि तिला गिऱ्हाईक मिळत नाही. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. दुसरी टाकी बांधण्यापूर्वी तेथे एक खेप घालावी.