चावी खुर्चीची, नोंद माणसाची

ज्या घरात कुणी सरकारी नोकरीत आहे किंवा होते, त्या घरातल्या लहान मुलांनाही ‘सर्व्हिस बुक’ हा शब्द ठाऊक असतो. वडिलांची वेतनवाढ का अडली, आईची रजा अर्जित धरली की बिनपगारी, आजोबांचे पेन्शन का लांबले, या सगळ्याची उत्तरे त्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत असत. वही लोखंडी कपाटात आणि कपाटाची चावी आस्थापना शाखेतल्या लिपिकाच्या कमरेला. त्या चावीपायी लिपिकाला कचेरीत जो मान मिळे, तो कित्येकदा साहेबांच्याही वाट्याला येत नसे.

मी स्वतः बरीच वर्षे आस्थापना शाखेत काढली. ती वही आधी हाताने लिहिली आणि पुढे तिच्यातला मजकूर संगणकात भरला. कपाटे हळूहळू अडगळीत गेली. चावी मात्र गेली नाही; तिला आता लॉगिन म्हणतात. आज बँक असो, कारखाना असो, इस्पितळ असो की जिल्हा परिषद, माणसाची नेमणूक, बढती, बदली, रजा, पगार आणि निवृत्ती हे सारे कुठल्या तरी सॉफ्टवेअरमध्ये नोंदले जाते. ते आतून कसे चालते हे संगणकवाल्यांनी पाहावे, असे समजून आपण गप्प बसतो. मला ते पटत नाही. ज्या यंत्रावर घरातली चूल अवलंबून आहे, त्याची किल्ली कुणाकडे आहे हे घरातल्यांना कळायला हवे.

जुन्या वहीची शिस्त कडक होती. जन्मतारीख अंकांत लिहायची आणि अक्षरांतही. खाडाखोड चालत नसे. चूक झालीच तर तिच्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. बाजूला बरोबर नोंद आणि साहेबांची सही. महाराष्ट्र नागरी सेवांच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे जन्मतारखेतली दुरुस्ती मागायची तर नोकरीला लागल्यापासून सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या आत मागावी लागते. या साऱ्याचा जाच वाटे खरा, पण त्यामुळे कुठली नोंद कुणी केली, हे वीस वर्षांनीही सांगता येई.

पडद्यावर रेघ मारावी लागत नाही. जुना आकडा पुसून नवा टाकला की जणू तो कधी नव्हताच. चांगले सॉफ्टवेअर हा इतिहास पोटात ठेवते: कुणाच्या लॉगिनने, किती तारखेला, काय होते आणि काय केले. स्वस्तातले किंवा निष्काळजीपणे बसवलेले सॉफ्टवेअर तो ठेवत नाही, किंवा ठेवते पण कुणी उघडून बघत नाही. खरेदीच्या वेळी साहेब मंडळी पडदा किती रंगीत आहे ते पाहतात. या इतिहासाचे पान दाखवा, असे म्हणणारा साहेब मला फार क्वचित भेटला.

दुसरी गोष्ट पदाची. आस्थापनेत पहिला धडा असा की माणूस वेगळा आणि पद वेगळे. पद मंजूर असते, रिक्त असते, रद्द होते. माणूस त्यावर येतो आणि जातो. अधिकार पदाला असतो. बदली झाली की पदभार सोपवल्याचा कागद होई, त्यात शिक्के, चाव्या, रोखपेटी यांची मोजदाद असे आणि नवा माणूस सही करून ते ताब्यात घेई. अमेरिकेत डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून या दोन संशोधकांनी १९९२ साली एक निबंध लिहून संगणकातले हक्क माणसाला न देता त्याच्या कामाच्या भूमिकेला द्यावेत, अशी रीतसर मांडणी केली. जगभरची मोठी सॉफ्टवेअरे पुढे त्याच वाटेने गेली. आमच्या हेडक्लार्कला हा निबंध वाचायला दिला असता तर तो म्हणाला असता, ‘यात नवीन काय?’

पण प्रत्यक्षात संगणक आला आणि नेमका हाच धडा आम्ही विसरलो. पगार शाखेतला लिपिक भांडार शाखेत जातो, त्याला भांडाराचे हक्क मिळतात. पगाराचे काढून घ्यायचे राहतात. तिथून तो आस्थापनेत येतो, आणखी एक किल्ली जुडग्यात पडते. दहा वर्षांनी तो कुठेही काहीही उघडू शकतो. कमी हक्क मिळाले तर माणूस लगेच ओरडतो, जास्त मिळाले म्हणून तक्रार कोण करणार? एका कचेरीत निवृत्त साहेबांच्या लॉगिनवरून पुढे सहा महिने बिले मंजूर होत होती. साहेब तेव्हा गावी आंब्याची कलमे लावत होते.

सरकारी हिशेबाची एक जुनी खूणगाठ आहे, दोन सह्यांची. पगारबिल एकाने तयार करायचे आणि आहरण व संवितरण अधिकाऱ्याने तपासून पुढे पाठवायचे. राज्य कर्मचाऱ्यांच्या ‘सेवार्थ’ प्रणालीतही ही जोडी कायम ठेवली आहे. सहायकाचे लॉगिन वेगळे, अधिकाऱ्याचे वेगळे. कागदावर उत्तम. पण साहेबांना संगणकाचा कंटाळा असतो, दौरे असतात, आणि महिनाअखेर कुणासाठी थांबत नाही. मग पासवर्डची चिठ्ठी सहायकाच्या टेबलाच्या काचेखाली जाते. त्या क्षणी दोन सह्या एकाच हाताच्या होतात.

हे किती महागात पडू शकते, याचा अंदाज २०२५ मध्ये नागपूर विभागातल्या ‘शालार्थ’ प्रकरणाने साऱ्या महाराष्ट्राला आला. शिक्षकांचे पगार ज्या प्रणालीतून निघतात, तिच्यात पात्रता किंवा मान्यता नसलेल्यांचे आयडी तयार करून सरकारी तिजोरीतून वर्षानुवर्षे पगार उचलले गेले, असा तो आरोप. अधिकाऱ्यांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमले गेले. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. मला त्यातली एकच गोष्ट इथे सांगायची आहे. प्रणालीपुरते बोलायचे तर आयडी हीच नेमणूक. तो निर्माण झाला की पुढची सगळी चाके बिनबोभाट फिरतात. यंत्र शाळेत जाऊन वर्गात कुणी शिकवते आहे का, हे पाहत नाही.

नोंद कुणी करावी याइतकाच नाजूक प्रश्न ती कुणी वाचावी हा आहे. वैद्यकीय रजेमागचा आजार, पतपेढीच्या कर्जाचे हप्ते, कोर्टाने लावलेली पोटगीची कपात, चौकशीचे कागद, हे सारे एकाच माणसाच्या नावाखाली साठलेले असते. पगार काढणाऱ्याला रजेचे दिवस हवेत, आजाराचे नाव नको. हा भेद सॉफ्टवेअरमध्ये करता येतो; तो करायला कुणीतरी बसून विचार करावा लागतो, एवढेच. आणि त्या नोंदींत केवळ नोकरदार नसतो. २०१५ मध्ये अमेरिकन सरकारच्या कर्मचारी विभागातून सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचे उघड झाले. त्यांतले सुमारे १८ लाख मुळात उमेदवार नव्हतेच, मुख्यतः त्यांच्या पती-पत्नींची किंवा जोडीदारांची माहिती तिथे नोंदलेली होती. चोर आत शिरले ते एका कंत्राटदाराच्या लॉगिनने.

उलट बाजूही आहे. ज्याची नोंद, त्यालाच ती दिसत नाही. वार्षिक गोपनीय अहवाल ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची भीती. देव दत्त या केंद्र सरकारच्या अभियंत्याची बढती ‘चांगला’ अशा एका शेऱ्याने अडली, कारण बढतीला ‘फार चांगला’ लागत होता आणि शेरा त्याला कळवलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले की शेरा बरा असो वा वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. म्हणजे सहकाऱ्याला जे दिसू नये ते दिसते आणि स्वतःला जे दिसावे ते दिसत नाही, अशी आपली उलटी तऱ्हा.

संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. त्यात एक फट आहे. नोकरीच्या कारणासाठी मालकाला माहिती वापरायला कर्मचाऱ्याची संमती लागत नाही, आणि माहिती पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा त्या कायद्याने दिलेला हक्क प्रामुख्याने संमतीने दिलेल्या माहितीला जोडलेला आहे. ज्या नोंदीवर माणसाचे आयुष्य टांगलेले असते, तिथेच हा हक्क लंगडा पडतो. संघटनांनी महागाई भत्त्याइतकाच जोर याही मागणीवर लावायला हवा, असे माझे मत आहे.

तोवर घरी बसून करता येण्यासारखे थोडे आहे, ते करावे. भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर आपला बारा आकडी यूएएन टाकून नाव, जन्मतारीख आणि नोकरी सोडल्याची तारीख पाहावी; जुन्या मालकाने ही शेवटची नोंद केलेली नसली तर पैसे काढताना अडते. लग्नाआधी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर नव्याने करावे. बायकोचे नाव नोंदीत माहेरचे आणि आधारवर सासरचे, असे असल्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आठ-आठ महिने हेलपाटे घालणाऱ्या बायका मी खिडकीशी उभ्या पाहिल्या आहेत. तेव्हा नवऱ्याला विचारायची सोय उरलेली नसते. सरकारी नोकरी असेल तर सेवापुस्तकाची प्रत मागून घ्यावी, पानांचे फोटो काढावेत आणि संगणकातल्या नोंदीशी एकदा ताडून पाहावेत. तफावत दिसली तर तोंडी सांगू नये. अर्ज द्यावा आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी.